टाकानिनीचं कार्ड

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगत, "आमची सून न्यूझीलंडला मीटिंगा मोजते." मी तीन-चारदा समजावून सांगितलं आणि मग नाद सोडला, कारण त्यांचं वर्णन माझ्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा बरं होतं. कार्डावर लिहिलं होतं 'डिसिजन ॲनालिस्ट'. ते वाचून ऑकलंडमधले निम्मे लोक मला बँकेतली समजायचे आणि उरलेले निम्मे मानसोपचारवाली.

पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं, काही वर्षं कॉलेजात शिकवलं. नवऱ्याला इकडे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली म्हणून दोन हजार सालच्या सुमाराला आम्ही ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात भाड्याच्या घरात येऊन पडलो. माझ्या डिग्रीशी इथे कुणाला काही देणंघेणं नव्हतं. सहा महिने अर्ज पाठवून झाल्यावर ब्रूस नावाच्या एका उंच, विसराळू गृहस्थाने मला कामावर घेतलं. त्याची फर्म म्हणजे एका डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या, वरची एक खोली. स्टाफ म्हणजे तो आणि मी.

काम काय, तर अडकलेल्या कमिट्या सोडवणं. शाळा, क्लब, हॉस्पिटलं, सगळीकडे कमिट्या असतात आणि कमिटीतल्या प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं असतं. आम्ही एकेका मेंबरला एकेकटं भेटायचो. त्याच्यासमोर पर्यायांची कार्डं ठेवायची आणि सांगायचं, सगळ्यात आवडतं वर, नावडतं खाली, असं लावून द्या. मग सगळ्यांच्या याद्या घेऊन ऑफिसात गणित करायचं: कुठल्या पद्धतीने मत घेतलं तर काय निघेल, कोण कुणाबरोबर जाईल, कशावर सगळ्यांचा त्यातल्या त्यात कमी जीव जळेल. ऐकायला सोपं वाटतं. पण 'आय अ‍ॅम ईझी' म्हणणारा, म्हणजे 'मला काहीही चालेल' असं सांगणारा, माणूस अजिबात ईझी नसतो, हे कळायला मला इथे एक वर्ष लागलं.

गणिताची पहिली गंमत मी आपल्याच लोकांवर करून पाहिली आणि तोंडावर आपटले. मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाला काय करायचं यावर नऊ जणांची कमिटी दोन रविवार भांडत होती. पुरीभाजी, मसालेभात की पावभाजी. मी कार्डं लावून घेतली. निघालं असं, की पुरीभाजी आणि मसालेभात यांची कुस्ती लावली तर सहा विरुद्ध तीन मतांनी पुरीभाजी जिंकते. मसालेभात आणि पावभाजी लावली तर सहा-तीनने मसालेभात. आता तुम्ही म्हणाल, मग पुरीभाजी पावभाजीलाही हरवत असणार. नाही. तिथे पावभाजी सहा-तीनने जिंकते. म्हणजे तिघांतला प्रत्येक जण कुणाला तरी हरवतो आणि कुणाकडून तरी हरतो. यात कुणाचा वेडेपणा नाही. प्रत्येक मेंबर आपापल्या जागी शहाणा असतो, नऊ शहाणे एकत्र आले की असं होऊ शकतं.

मी हे फळ्यावर लिहून दाखवलं आणि वर म्हणाले, "तेव्हा जिंकणार कोण, हे तुम्ही आधी कुठल्या दोघांची कुस्ती लावता त्यावर आहे."

हे सांगायला नको होतं. तोवर भांडण जेवणावर होतं, आता ते कुस्त्यांच्या क्रमावर सुरू झालं. तिसरा रविवारही त्यातच गेला. शेवटी ज्यांच्या स्वयंपाकघरात हे सगळं शिजणार होतं त्या पेडणेकरकाकू दारातून आत आल्या आणि म्हणाल्या, "मी खिचडी करणार आहे. कोशिंबिरीला काकड्या कोण आणतंय?" सगळ्यांनी मुकाट्याने काकड्या वाटून घेतल्या. माझ्या मॉडेलमध्ये स्वयंपाक करणाऱ्याला मतच नव्हतं.

दुसरी फजिती अल्बनीच्या एका बोल्स क्लबात झाली. हिरवळीवर जड चेंडू घरंगळवण्याचा हा खेळ मुख्यतः पेन्शनर खेळतात आणि क्लबाच्या खोलीत हीटर किती डिग्रीवर ठेवायचा यावर तो क्लब फुटायला आला होता. कमिटीत अकरा जण. असा प्रश्न आमच्यासाठी सगळ्यात सोपा. सगळे पर्याय एका पट्टीवर मांडता आले, थंडपासून गरमपर्यंत, तर बरोबर मधल्या माणसाला हवं असेल तेच जिंकतं. कारण त्याहून गरम काही सुचवलं तर तो आणि त्याच्या खालचे सगळे मिळून पाडतात, त्याहून थंड सुचवलं तर तो आणि वरचे सगळे. मधला माणूस निघाला ग्रॅहम, निवृत्त प्लंबर, अठरा डिग्री. मी रिपोर्टात त्याचं नाव लिहिलं.

त्यानंतर ग्रॅहमच्या दारात रोज फीजोआच्या पिशव्या येऊ लागल्या. हे हिरवं फळ इथे शरदात घरोघरी इतकं पिकतं की फुकट वाटलं तरी उरतं, पण ग्रॅहमला लोक निवडून निवडून द्यायला लागले. गरमवाल्यांनी जॅम पाठवला, थंडवाल्यांनी लोकरी मोजे. महिन्याभराने त्याचा मला फोन आला.

"मेघना, मला मधून काढता येईल का?"

"त्यासाठी तुम्हाला आवड बदलावी लागेल."

"बदलतो की. वीस म्हणतो. पण हे फीजोआ थांबव."

मधल्या माणसाचं नाव कधी छापायचं नाही, हा नियम मी तिथे शिकले. ब्रूसचा आणखी एक नियम होता, तो त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. माणूस कार्ड जसं ठेवेल तसं लिहायचं. का ठेवलं हे विचारायचं नाही. विचारलं की माणूस सावध होतो आणि उत्तर चारचौघांत शोभेलसं करून घेतो. मग तुमच्या कागदावर त्याची आवड उरत नाही, त्याचं भाषण उरतं. नियम चांगला होता. मी तो वर्षानुवर्षं पाळला आणि एकदा नको तिथे पाळला. ते सांगायला हा लेख लिहायला घेतला आहे. फीजोआ वगैरे सगळं वाटेत लागलं.

इथल्या एका आरोग्य ट्रस्टला डायलिसिसचं नवं छोटं युनिट काढायचं होतं. किडन्या काम करेनाशा झाल्या की माणसाला आठवड्यातून तीन दिवस मशीनला जोडून रक्त धुवून घ्यावं लागतं, दर वेळी चार-पाच तास. हे आयुष्यभर. त्यामुळे युनिट घरापासून किती लांब आहे यावर माणसाचं अख्खं आयुष्य मांडलेलं असतं. पैसे एकाच युनिटचे होते आणि जागा तीन: उत्तरेला अल्बनी, मध्ये माउंट रॉस्किल, दक्षिणेला टाकानिनी. कमिटी नऊ जणांची. त्यात डॉक्टर, नर्सेस आणि वस्तीतले काही लोक. अध्यक्ष हेलन, आधी नर्स होती, सरळ बोलायची.

वस्तीतल्या लोकांत एक नाव मराठी होतं. सुलभाताई. टाकानिनीला नव्या वसाहतीत राहायच्या, तिथल्याच एका दुकानात फार्मसिस्ट होत्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. कार्डं लावून घ्यायला मी त्यांच्या घरी गेले, तर आधी पोहे आले. कामाला आलेय असं म्हणायची सोयच नव्हती.

घरात त्यांचे यजमान होते, विनायकराव. सोफ्यावर बसून पेपर वाचत होते. सुलभाताईंनी मला मोठा कप भरून चहा दिला आणि त्यांना औषधाच्या मापात मोजून दिला. त्यांनी तो चार घोटांत संपवला आणि रिकाम्या मापाकडे बघत मला म्हणाले, "आमचा कोटा संपला. आता संध्याकाळी बर्फाचा एक खडा." डाव्या हाताला पट्टी होती. मी काही न विचारता समजले. दोन वर्षं त्यांचं डायलिसिस चालू होतं, शहरातल्या हॉस्पिटलात, म्हणून चहापाणीही मोजून. सुलभाताई त्यांना गाडीने नेत आणि आणत, आणि कमिटीत त्यांनी याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

मी जेवणाच्या टेबलावर तीन कार्डं ठेवली. सुलभाताईंनी चष्मा लावला. त्यांचा हात आधी टाकानिनीच्या कार्डावर गेला. ते त्यांनी उचललं, सोफ्याकडे एकदा पाहिलं, आणि कार्ड सगळ्यात खाली ठेवलं. वर रॉस्किल, मध्ये अल्बनी.

"रॉस्किलला बसेस येतात," त्या मी न विचारताच म्हणाल्या. "भाड्याने राहणारे पुष्कळ. सगळ्यांकडे कुठे गाड्या असतात?"

कारण अगदी बरोबर होतं. मी लिहून घेतलं. हात आधी कुठे गेला होता ते लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

ऑफिसात येऊन याद्या मांडल्या. पहिल्या पसंतीत टाकानिनीला चार, रॉस्किलला चार, अल्बनीला एक. अल्बनी बाद केलं की त्या एकाची दुसरी पसंती धरायची, ती होती रॉस्किल. म्हणजे पाच विरुद्ध चार, रॉस्किल. मी ते नीट टाइप करून हेलनकडे नेलं. तिने यादीवरून बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबली.

"सुलभा टाकानिनीचीच ना? तिने ते शेवटी ठेवलंय. तू तिच्याशी बोललीस?"

"हो."

"आणि तिला हेच हवंय?"

"तिला काय हवंय ते तिला माहीत आहे," मी म्हणाले.

हेलन म्हणाली, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत 'छान, झालं तर', आणि कागद फाइलला लावला.

आता खरं सांगते. मी नियमापोटी गप्प बसले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला होता. बाकीचे आठ जण आपापल्या भागासाठी हिरिरीने मागत होते आणि आपल्या एका बाईने नवरा समोर बसलेला असताना दुसऱ्यांसाठी मागितलं. मला ते फार छान वाटलं. घरी येऊन नवऱ्यालाही कौतुकाने सांगितलं. एखाद्या गोऱ्या बाईच्या टेबलावर तो हात तसा वळला असता तर मी नक्की विचारलं असतं. सुलभाताईंच्या बाबतीत मला विचारायची गरज वाटली नाही, कारण त्यांचं मन मला कळलं होतं, असं मी धरून चालले.

रॉस्किलचं युनिट झालं. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सुलभाताई विनायकरावांना टाकानिनीहून मोटरवेने घेऊन यायच्या. ट्रॅफिक असला की तासभर. दुकानातली पूर्ण वेळ नोकरी त्यांनी अर्धवेळ करून घेतली. यजमानांना आत सोडलं की चार तास काय करायचं, म्हणून मंगळवारी त्या माझ्याकडे यायच्या. मी तेव्हा मंगळवारी घरून काम करायचे. त्या आमच्या मेथीच्या जुड्या निवडून ठेवायच्या, माझ्या मुलीशी मराठीत बोलायच्या आणि ती त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. दोघींचं छान चालायचं.

काही महिन्यांनी त्यांच्या गाडीत मागे आणखी एक जण दिसायला लागला. सिओने नावाचा, मूळचा टोंगा बेटांवरचा गृहस्थ, त्यांच्याच भागातला, त्याच पाळीचा पेशंट. आधी तो दोन बसेस बदलून यायचा. डायलिसिसनंतर माणूस पिळून निघालेला असतो, त्यात दोन बसेस. सुलभाताईंनी त्याला एकदा स्टॉपवर बाकावर आडवा झालेला पाहिला आणि त्या दिवसापासून गाडीत घेतलं.

एका मंगळवारी मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "हा सिओने सांगत होता, त्यांच्या चर्चमधलेच चार जण आहेत आमच्या बाजूचे. एकाने तर मध्ये मध्ये येणंच सोडलंय. जमत नाही म्हणतो."

मी इतक्या महिन्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही त्या दिवशी टाकानिनीचं कार्ड खाली का ठेवलंत?"

"माझं घर आहे ना तिथे."

"अहो, म्हणूनच तर तुम्हाला कमिटीवर घेतलं होतं."

"कमिटीवर बसायचं आणि आपल्याच घरासाठी मागायचं? हे समोर बसलेले. लोक काय म्हणाले असते?"

"कुणी काही म्हणालं नसतं. इथे तसंच करतात. आपलं काय आहे ते आधी उघड सांगून टाकतात, आणि मग मागतात. हेलनला कळलं असतं तर तिने सगळ्यांत आधी तुम्हाला बोलायला लावलं असतं."

सुलभाताईंचा हात थांबला. त्यांनी जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुला हे तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग तू तेव्हा का नाही बोललीस, मेघना?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ब्रूसचा नियम सांगितला. आवड विचारायची, कारण विचारायचं नाही, वगैरे. सांगताना मलाच ते पोकळ वाटत होतं. सुलभाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी भिडेने गप्प बसले, तू नियमाने. आणि तो बिचारा बाकावर झोपतो." मग घड्याळ बघून उठल्या, कारण विनायकरावांना मशीनवरून काढायची वेळ झाली होती.

एक मत. त्यांनी कार्ड वर ठेवलं असतं तर टाकानिनी पहिल्याच फेरीत पाच. भीड मोजायची सोय आमच्या मॉडेलमध्ये नव्हती. मॉडेल म्हणतं, माणसाला काय हवं ते माणूस सांगतो. आपल्यात माणूस घरच्यांसाठी मागायची वेळ आली की नेमका उलटं सांगतो आणि समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षाही ठेवत नाही. मी ते ओळखलं होतं. ओळखून कौतुक केलं, आणि टाइप केलं.

ब्रूसला मी हे सगळं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत, इथल्या लोकांच्या हो-नाहीच्या सुरात म्हणाला, "यॅ, नाह, नियम बदलायला पाहिजे." मग आम्ही फॉर्मवर शेवटी एक प्रश्न वाढवला: या निर्णयाचा तुमच्या घरातल्या कुणाला उपयोग होणार आहे का? खाली 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. 'हो' म्हणणाऱ्याला मी समजावून सांगायचे की यात लाजण्यासारखं काही नाही, उलट तुम्ही हे सांगितलंत ते बरं झालं, आता कार्डं पुन्हा एकदा लावा. पुढच्या वर्षांत कितीतरी जणांनी ती पुन्हा लावली. त्यात आपलेच लोक होते असं नाही. एका स्कॉटिश म्हाताऱ्याने तर सगळी उलटी केली आणि माझ्याकडे न बघता पाणी प्यायला निघून गेला.

तीन वर्षं सुलभाताई ती गाडी चालवत राहिल्या. चौथ्या वर्षी हिवाळ्यात विनायकरावांना न्युमोनिया झाला आणि ते आठवड्याभरात गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मंगळवारी सिओनेला घेऊन येते. तेव्हा चहाला येईन." आणि खरंच आल्या. सिओनेसाठी मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांनी तसेच चालू ठेवले.

त्यानंतर वर्षाच्या आत ट्रस्टकडे दुसऱ्या युनिटचे पैसे आले. कमिटी जवळपास तीच, अध्यक्ष हेलनच, जागा पुन्हा तीन, फक्त रॉस्किलच्या ऐवजी पश्चिमेची एक. निकाल सांगून टाकते, कारण त्यात आता रहस्य काही नाही: सहा विरुद्ध तीन, टाकानिनी. सिओनेला घरून चालत जाता येऊ लागलं. मीटिंगमध्ये सुलभाताई वीस मिनिटं उभ्या राहून बोलल्या. कोण किती वाजता उठतं, कुठली बस कुठे चुकते, कोण यायचं सोडून देतं आणि मग त्याचं काय होतं, सगळं नावानिशी नाही पण माणसानिशी सांगितलं. गेल्या वेळी चार मतं देऊन हरलेले लोक तोंडात बोट घालून ऐकत होते. हेलन मला नंतर म्हणाली, ही बाई पहिल्या वेळी कुठे होती? मी तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

पण त्या मीटिंगच्या आधी नेहमीप्रमाणे कार्डं लावून घ्यायला मी त्यांच्या घरी गेले होते. पोहे झाले. चहाचे दोन मोठे कप आले. टेबलावर मी कार्डं ठेवली आणि सुलभाताईंनी चष्मासुद्धा न लावता टाकानिनी उचलून वर ठेवलं. बाकीची दोन कशीही लावली.

मी फॉर्म पुढे ओढला. शेवटचा प्रश्न त्यांच्याचमुळे तिथे आला होता, हे त्यांना माहीत होतं. मला तो वाचवत नव्हता. "राहू दे ताई, हा मी भरते," मी म्हणाले.

"नको. विचार. सगळ्यांना विचारतेस ना?"

मी वाचला. या निर्णयाचा तुमच्या घरातल्या कुणाला उपयोग होणार आहे का?

"आता नाही," सुलभाताई म्हणाल्या.

फॉर्मवर दोनच चौकोन होते. मी 'नाही'वर खूण केली.